केसांना काय लावता?



माझ्यासारख्या माणसानं केसांच्या निगेवर बोलायचं ठरवलं, तेव्हा घरात हशा पिकला. माझ्या डोक्यावर आता कानांच्या वर एक झालर तेवढी उरली आहे. ‘बरं झालं, रेडिओवर दिसत नाही,’ असं बायको म्हणाली. पण ज्याचे केस होते आणि गेले, त्याला साऱ्या मुंबईनं उपाय सांगितलेले असतात. माझा या विषयातला अधिकार तेवढाच. मी डॉक्टर नाही. बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. आज जे सांगणार आहे ते काही परळच्या चाळीत पाहिलेलं आहे आणि काही नंतर जाणकारांना विचारून, वाचून पक्कं करून घेतलेलं आहे.

आमच्या चाळीत रविवारी सकाळी शिकेकाईचा वास दरवळायचा. शिकेकाई, रिठा आणि आवळकाठी आदल्या रात्री भिजवलेली असायची, पहाटे स्टोव्हवर उकळायची. नळाचं पाणी जायच्या आत बायकांची न्हाणी उरकायची आणि मग गॅलरीत केस वाळवत बसलेल्या बायकांची रांग लागायची. त्या रांगेत सगळ्यांत लांब केस माझ्या मोठ्या बहिणीचे. आम्ही तिला आपा म्हणतो. वेणी कमरेच्या खाली यायची. शेजारच्या काकू तिची वेणी हातात तोलून म्हणायच्या, ‘हिला हुंडा नको, केस बघूनच नेतील.’

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. दोन-अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत आमचे अब्बाही होते. पहिले दोन महिने सणासारखे गेले. मग उधारी बंद झाली. पावसाळ्यापर्यंत अम्माच्या कानातलं गेलं, मोठी पातेली गेली. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो, आपा एकोणीस. घरात कोण किती खातं, हे त्या वयात माझ्या लक्षातही आलं नाही. माझ्या ताटात भाकरी असायची, एवढं मला आठवतं.

दिवाळीच्या सुमारास आपाचे केस गळायला लागले. फणी फिरवली की मूठभर हातात यायचे. मोरीच्या जाळीवर गुंता साचायचा. दोन महिन्यांत तिची वेणी शेपटीएवढी बारीक झाली. मग चाळीतल्या बायकांची सभा भरली. कुणी म्हणालं नजर लागली. कुणी म्हणालं, साबण बदलला असेल. समोरच्या आजी म्हणाल्या, ‘न्हाल्यावरच गळतात ना? मग न्हाणंच कमी कर.’ जास्वंदीचं तेल झालं, माक्याचं झालं, कांद्याचा रस झाला. कुणी ताईत आणला, कुणी अंगारा. उपायांच्या बाबतीत आमच्या चाळीत धर्माचा भेद नव्हता. शेवटी कुणीतरी गिरगावातल्या एका दुकानाचा पत्ता दिला आणि अम्मानं उसने पैसे काढून तिथली तेलाची बाटली आणली. रोज रात्री ती आपाच्या डोक्याला तेल चोळायची आणि आपा मुकाट बसून राहायची.

एक दिवस नळावर रांगेत उभी असतानाच आपा चक्कर येऊन पडली. तेव्हा कुठे तिला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी केसांकडे पाहिलंसुद्धा नाही. तिची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, आणि विचारलं, ‘जेवतेस कधी?’ आपा म्हणाली, ‘सगळ्यांचं झाल्यावर.’ ‘आणि तेव्हा उरतं काय?’ यावर ती काही बोलली नाही. बाईंनी अम्माला विचारलं, ‘हिच्या केसांना काय लावता?’ अम्मानं सगळी यादी सांगितली. बाई एवढंच म्हणाल्या, ‘डोक्याला खूप लावलंत. आता पोटात काहीतरी घाला.’

रक्त तपासलं, ते फारच कमी निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. डाळ, पालेभाजी आणि जमेल तेव्हा अंडं, असं सांगितलं होतं. शेजाऱ्यांनी आपल्या ताटातलं दिलं, तेव्हा ते जमलं. त्या दिवसापासून आपा आमच्याबरोबर जेवायला बसू लागली.

श्रोतेहो, केसांबद्दलचे गैरसमज पुष्कळ आहेत, पण त्या सगळ्यांचं मूळ एकच. केसांची काळजी म्हणजे केसांना काहीतरी लावणं, हा तो मूळ गैरसमज. आपण केसाला रोपटं समजतो. वरून खतपाणी घातलं की वाढेल, छाटलं की फुटेल. पण आपल्याला दिसतो तो केस जिवंत नसतो. नखासारखाच तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा धागा आहे. म्हणून तर कापताना दुखत नाही. जिवंत असतं ते कातडीखालचं मूळ, आणि त्याला अन्न मिळतं ते रक्तातून. बाटलीतून मिळत नाही.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस काही वर्षं वाढतो, महिन्याला साधारण एक सेंटीमीटर किंवा जरा जास्त. मग दोन-तीन महिने विसावा घेतो आणि गळून पडतो. त्याच मुळातून नवा येतो. त्यामुळे रोज पन्नास ते शंभर केस जाणं हा आजार नव्हे, तो रोजचा व्यवहार आहे. दोन दिवस न न्हाता तिसऱ्या दिवशी न्हालं, तर तीन दिवसांचे केस एकदम मोरीत दिसतात. न्हाण्यानं ते गळत नाहीत, गळायचे ते त्या दिवशी दिसतात इतकंच. आमच्या समोरच्या आजींचं गणित तिथे चुकलं होतं.

आता शरीरावर मोठा घाव बसला, म्हणजे टायफॉइड झाला, डेंगी झाला, बाळंतपण झालं, मोठी शस्त्रक्रिया झाली किंवा नीट खायलाच मिळालं नाही, तर शरीर काटकसर करतं. हृदय, मेंदू चालू ठेवायचे असतात, केस नसले तरी चालतं. मग नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त केस एकदम विसाव्याला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. खरी मेख या दोन-तीन महिन्यांतच आहे. ताप विसरलेला असतो. मग आपण गेल्या आठवड्यातल्या शाम्पूला दोष देतो, नाहीतर सुनेच्या माहेरच्या पाण्याला. करोनाच्या साथीनंतर, २०२० आणि २०२१ मध्ये, घरोघरी हेच झालं.

यातच तेलवाल्यांचं भाग्यही दडलेलं आहे. अशी गळती मूळ कारण दूर झालं की बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप थांबते आणि केस परत येऊ लागतात. त्या वेळी हातात जी बाटली असेल, तिचं नाव होतं. अम्मा कितीतरी वर्षं म्हणायची, ‘बाटली संपत आली तेव्हाच गुण आला.’ लोहाच्या गोळ्या ती विसरून गेली होती.

हेच सगळं फार मोठ्या प्रमाणावर आपल्या महाराष्ट्रात नुकतंच घडलं. २०२४ चा डिसेंबर संपता संपता आणि २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांमधून लोकांचे केस झपाट्यानं गळायला लागले. आधी डोकं खाजायचं, मग केस नुसते ओढले की हातात यायचे, आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचं. पुरुष, बायका, शाळकरी मुलं, सगळेच त्यात होते. अठरा गावांत पावणेतीनशेहून अधिक माणसं. लोकांनी आधी शाम्पूवर बोट ठेवलं, मग विहिरीच्या पाण्यावर, मग बुरशीवर. गावांकडे लोक संशयानं बघू लागले. जमत आलेली लग्नं अडली, मुलं शाळेत जायला लाजू लागली.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं पथक तिथे गेलं. विंचूदंशावरच्या उपचारांसाठी जगभर नाव झालेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्करही स्वतः गेले. त्यांनी रक्त, लघवी, केस यांचे नमुने तपासून घेतले आणि लोकांच्या घरातला गहूही तपासून घेतला. त्यात सेलेनियम नावाच्या मूलद्रव्याचं प्रमाण फार जास्त आढळलं. रेशनवर मिळालेल्या गव्हातून ते अंगात गेलं, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. सेलेनियम शरीराला अगदी कणभर लागतं. ते जास्त झालं तर केस गळतात, नखं खराब होतात, हे वैद्यकाला ठाऊक आहे. म्हणजे आमच्या आपाच्या ताटात कमी होतं आणि बोंडगावच्या ताटात नको ते जास्त होतं. दोन्हीकडे लोक बघत होते मात्र बाटलीकडे.

यातून आणखी एक गोष्ट कळते. केसांसाठी म्हणून गोळ्या, पावडरी मनानं घेणं बरं नव्हे. सेलेनियम किंवा ‘अ’ जीवनसत्त्व जास्त झालं तर उलट केस जातात. हल्ली बायोटिनच्या गोळ्या फार खपतात. शरीरात त्याची कमतरता नसेल तर त्यानं केस वाढतात असा भक्कम पुरावा नाही. शिवाय बायोटिनमुळे थायरॉइडसारख्या रक्ततपासण्यांचे आकडे चुकू शकतात. असा इशारा अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं २०१७ मध्ये दिला होता. केस गळण्याचं कारण थायरॉइड असेल आणि गोळीमुळे तेच सापडलं नाही, तर काय उपयोग?

मग तेल लावूच नये का? तसं नाही. तेलाचं काम वेगळं आहे. मुंबईच्याच मॅरिको कंपनीतल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये एक संशोधन प्रसिद्ध केलं. खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची त्यांनी तुलना केली. धुताना-विंचरताना केसातलं प्रथिन झिजतं. ती झीज तिघांपैकी फक्त खोबरेलानं कमी केली, कारण ते केसाच्या आत शिरू शकतं. कंपनी खोबरेल विकणारीच होती, हे ध्यानात ठेवूया. पण त्यांनीसुद्धा केस वाढतात असं म्हटलेलं नाही, झीज कमी होते असं म्हटलं. आपल्या आज्या न्हाण्याआधी खोबरेल लावायच्या, ते योग्यच होतं. त्यामागचं कारण तेवढं वेगळं होतं. कोंडा असेल तर मात्र तेल थापू नये. कोंडा म्हणजे टाळू कोरडी पडणं नव्हे. टाळूवर राहणाऱ्या, तेलावर पोसणाऱ्या एका सूक्ष्म बुरशीशी त्याचा संबंध असतो. तिथे तेल घालणं म्हणजे पाहुण्याला मुक्कामाचा आग्रह करणं.

आमच्या घरी बाळाचा अकीका व्हायचा. सातव्या दिवशी जावळ उतरवायचं आणि त्या केसांच्या वजनाइतकी चांदी दान करायची. शेजारी जावळ काढायचे तेव्हा बाळाला मामाच्या मांडीवर बसवायचे. रीत निराळी, पण दोन्ही घरांतल्या आज्या एकच वाक्य बोलायच्या, ‘आता दाट येतील.’ रीत जरूर पाळावी, दान तर जरूर करावं. पण वस्तऱ्यानं मुळं वाढत नाहीत. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ सालीच मोजून दाखवलं की, दाढी केल्यानं केसांची जाडी किंवा वेग बदलत नाही. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून तो राठ लागतो, एवढंच. पांढरा केस उपटला तर चार येतात, हेही खरं नाही. एका मुळातून एकच येतो, आणि बहुधा पांढराच.

माझ्या टकलाचं खापर पुष्कळांनी टोपीवर फोडलं. मी नमाजाची टोपी घालतो, मोटरसायकलवर हेल्मेट घालायचो. पण टोपीनं टक्कल पडत असतं तर पांढरी टोपी घालणारी आमची अख्खी गिरणी टकली झाली असती. माझं टक्कल वारशाचं आहे, आणि तो वारसा फक्त आईच्या वडिलांकडून येतो हाही समज अपुरा. तो दोन्ही घरांकडून येतो. सैल टोपीनं काही बिघडत नाही. लहान मुलींच्या वेण्या कपाळ ताणेपर्यंत घट्ट घालणं मात्र वाईट. रोजच्या ओढीनं कानशिलांवरचे केस कायमचे जाऊ शकतात.

काही समज नुसते चुकीचे नाहीत, घातकी आहेत. उवांवर रॉकेल चोळायची पद्धत आमच्या चाळीत होती. शेजारी स्टोव्ह पेटलेला असायचा. काही झालं नाही, हे नशीब. उवा स्वच्छ डोक्यातही होतात. त्यांना औषध मिळतं, बारीक फणी मिळते. चाई पडली की ‘किडा लागला’ म्हणतात आणि त्या जागी लसूण घासून कातडी भाजून घेतात. चाईत किडा नसतो. शरीराची संरक्षक यंत्रणाच चुकून केसांच्या मुळांवर उलटते. ती एकाची दुसऱ्याला लागत नाही. अशा मुलाला वर्गात वेगळं बसवणं हा शुद्ध अन्याय आहे. मेंदीचंही असंच. मेंदीचा खरा रंग तांबूस. पटकन काळी करणाऱ्या मेंदीत बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं, आणि काहींना त्यानं चेहरा सुजेपर्यंत त्रास होतो. पाकिटावर ‘नैसर्गिक’ लिहिलंय, एवढ्यावर विसंबू नये. आधी कानामागे थोडी लावून दोन दिवस पाहावं.

आणि जट. न धुता, न विंचरता राहिलेले केस घाम, तेल आणि धूळ यांनी एकमेकांत घट्ट अडकतात, त्याची जट होते. तिला देवीचं बोलावणं समजून कितीतरी मुलींचं शिक्षण, लग्न, सारं आयुष्य थांबलं. मानेवर ते ओझं घेऊन त्या झोपूही शकत नसत. पुण्यात महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या नंदिनी जाधव यांनी बायकांना समजावून, त्यांच्या घरच्यांची भीती घालवून, दोनशेहून अधिक जणींच्या जटा कापल्या. त्या पूर्वी ब्यूटी पार्लर चालवायच्या. कात्रीचा इतका चांगला उपयोग क्वचितच कुणी केला असेल.

आमच्या परळमध्ये टाटा रुग्णालय आहे. तिथल्या फुटपाथवर डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे. केमोथेरपीनं केस जातील, या भीतीनं उपचार लांबवणाऱ्या बायका आहेत, हे मला तिथेच कळलं. त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगतो. प्रत्येक केमोत केस जातातच असं नाही, ते औषधावर अवलंबून असतं. आणि गेले तरी उपचार संपल्यावर ते बहुधा परत येतात. वेळ मात्र परत येत नाही.

आम्ही कवींनी केसांवर फार लिहिलं. त्यांना रात्र म्हटलं, ढग म्हटलं. त्यामुळे ज्या बाईचे केस गळाले, तिला आपलं बाईपणच गळाल्यासारखं वाटायला लागलं. त्या दोषातला थोडा वाटा मी माझ्याकडे घेतो.

तेव्हा एवढंच करा. केस मळतील तसे धुवा, ओले असताना ओढून विंचरू नका, हवं तर न्हाण्याआधी खोबरेल लावा. पण केस अचानक गळायला लागले, गोल चकत्या पडल्या, सोबत थकवा असेल, पाळी बिघडली असेल, तर बाटली घ्यायला धावू नका. डॉक्टरांकडे जा, रक्त तपासा. आणि गेल्या तीन-चार महिन्यांत घरात काय झालं होतं, कोण शेवटी जेवत होतं, ते आठवून पाहा.

आपाचे केस परत आले. पहिल्याइतके लांब नाही झाले, पण वेणी झाली. लग्नही झालं. आता ती साठी ओलांडलेली आहे, केसांना तांबडी मेंदी लावते. तिच्या नातीनं परवा तक्रार केली, ‘दादी, माझे केस फार गळतात गं.’ मी तिथेच बसलो होतो. मला वाटलं, आपा आता कुठलंतरी तेल सांगेल. ती म्हणाली, ‘आज डब्यात काय नेलं होतंस? आणि खाल्लंस का?’